पोत्यामागे ०.५८ किलो: जँगोच्या डॉक्युमेंटेशनसोबत तीन हंगाम

कोजागिरी होऊन चार दिवस झाले होते. सोयाबीनची आवक जोरात होती, काट्यापुढची ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती, आणि एक काका पावती हातात धरून माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "ताई, माहे बारा पोते. बारदान्याचे म्हणून तुमच्या कम्प्युटरनं सात किलो कापले. हे पाहा माहं पोतं, प्लॅस्टिकचं हाय. अशा बारा पोत्याईचं वजन सात किलो भरते काय?"

त्यांनी रिकामं पोतं टेबलावर ठेवलं. शेजारच्या किराणा दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आहे, तिथं नेऊन मोजलं. १२० ग्रॅम. म्हणजे बारा पोत्यांचे दीड किलोही होत नव्हते आणि आम्ही सात कापले होते. साडेपाच किलो सोयाबीनचा फरक. २०२४-२५ च्या ४,८९२ रुपये क्विंटल या हमीभावाने धरलं तर २७० रुपये. काका खरं बोलत होते.

त्या रात्री मी कोड उघडला. निव्वळ वजन काढणारी ओळ लवकरच सापडली. एकूण वजनातून गाडीचं वजन वजा, मग पोत्यांची संख्या गुणिले ०.५८ वजा. बस. ०.५८ म्हणजे काय, कुठून आलं, कोणी ठरवलं, याबद्दल एक अक्षर नाही. तोच आकडा आणखी तीन फायलींत होता आणि त्यातल्या एकीत कोणीतरी तो ०.६ केला होता. तो का केला, तेही लिहिलेलं नाही. ज्यांनी हे सॉफ्टवेअर बनवून दिलं ते काम आटोपून केव्हाच गेले होते, फोन लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी गोदामातलं तागाचं पोतं त्याच किराणा काट्यावर ठेवलं तेव्हा उलगडा झाला. ५० किलोचं तागाचं पोतं ५८० ग्रॅमचं असतं. बनवणाऱ्याने सगळा माल तागाच्या बारदान्यात येतो असं धरलं होतं, आणि आमच्याकडे अर्धे शेतकरी प्लॅस्टिकच्या पोत्यांत माल आणतात. त्या ओळीच्या वर "५० किलोच्या तागाच्या पोत्याचं वजन, प्लॅस्टिकला लागू नाही" एवढं लिहिलेलं असतं, तर ही चूक पहिल्याच आठवड्यात कोणाच्या तरी नजरेत आली असती.

आता मुद्द्याचं. आमचं सॉफ्टवेअर जँगोवर बांधलेलं आहे. जँगो म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेत वेबसाइट आणि वेब ॲप बांधायचं तयार साधन, आणि डॉक्युमेंटेशन म्हणजे ते कसं वापरायचं हे सांगणारी त्याच्यासोबतची लिखित माहिती. कोडमध्ये काय लिहून ठेवायचं आणि प्रकल्पात नव्याने येणाऱ्या माणसाला कसं आत घ्यायचं, हे मला कुठल्याही क्लासने शिकवलं नाही. ते मी जँगोच्या डॉक्युमेंटेशनमधून शिकले. तीन हंगाम ते जवळजवळ रोज उघडते आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं.

माझी जागा सांगते, म्हणजे कोणत्या नजरेने लिहिते आहे ते कळेल. दारव्ह्याहून कारंज्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं गाव. यवतमाळला बीसीए केलं आणि गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीत पावत्या करायला लागले. सॉफ्टवेअर बनवणारे गेल्यावर "तुले येते ना कम्प्युटर, मंग तूच पाहा" म्हणून ते माझ्याकडे आलं. शहरात नोकरी करणाऱ्या माझ्या मैत्रिणी अडल्या की शेजारच्या खुर्चीतल्या सिनियरला विचारतात. माझ्या शेजारच्या खुर्चीत तूरडाळीचे नमुने ठेवलेले असतात. ज्याला विचारावं असं पायथन येणारं माणूस जवळपास नाही, त्यामुळे माझ्यासाठी डॉक्युमेंटेशन हाच सिनियर.

जँगोचा जन्म वर्तमानपत्राच्या कचेरीतला. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाच्या गावचं दैनिक, तिथं काम करणाऱ्या एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये ते लिहायला घेतलं आणि जुलै २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. नाव जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून, आणि स्पेलिंगमधला पहिला डी उच्चारायचा नसतो. मी वर्षभर "डीजँगो" म्हणत होते. वर्तमानपत्रात पान वेळेत जावंच लागतं, त्यामुळे तिथल्या साधनाला "शिकायला सहा महिने द्या" असं म्हणता येत नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये ती घाई समजून घेतल्यासारखी वाटते.

मांडणी चार भागांची आहे. ट्यूटोरियल म्हणजे हात धरून नेणारे धडे. विषयवार मार्गदर्शिका म्हणजे एखादी गोष्ट मुळातून समजावणारी. हाऊ-टू म्हणजे "हे काम कसं करू" याचं उत्तर. आणि संदर्भ विभाग म्हणजे प्रत्येक फंक्शन (एक ठरलेलं काम करणारा कोडचा तुकडा), प्रत्येक सेटिंग तपशिलाने. हे सगळं एकत्र कालवलेलं नसतं, हे नव्या माणसासाठी फार मोलाचं आहे. पेरणीच्या दिवशी शेतकऱ्याला तिफण कशी धरायची ते सांगावं, जमिनीतल्या नत्राचा तक्ता संध्याकाळी. आमच्या सॉफ्टवेअरसोबत एक बत्तीस पानी पीडीएफ मिळाली होती. तिच्यात पहिल्याच पानावर सर्व्हरचे पोर्ट आणि शेवटच्या पानावर "लॉगिन कसे करावे".

ट्यूटोरियल एका छोट्या मतदानाच्या ॲपचं आहे. प्रश्न, त्याचे पर्याय, प्रत्येक पर्यायाला मिळालेली मतं. विषय इतका साधा निवडला आहे की विषय समजण्यात डोकं खर्च होत नाही. दुसऱ्या भागात ते एक छोटंसं फंक्शन लिहून घेतात, हा प्रश्न गेल्या एका दिवसात प्रसिद्ध झाला का ते सांगणारं. आपण लिहितो, चालतं, पुढे जातो. पाचव्या भागात ते तेच फंक्शन परत काढतात आणि म्हणतात, नशिबाने आपल्या ॲपमध्ये एक छोटी चूक आहे, ती लगेच दुरुस्त करू. प्रश्नाची तारीख भविष्यातली असली तरी ते फंक्शन "हो, अलीकडचाच आहे" असं सांगतं! कारण तपासणी फक्त कालच्या बाजूने केलेली असते, उद्याच्या बाजूने नाही. मग ३० दिवस पुढची तारीख देऊन आधी टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा कोड, लिहायची, ती नापास होताना पाहायची, मग फंक्शन दुरुस्त करायचं.

हे वाचताना मी खुर्चीतून उठले होते. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. काट्यावरच्या पोराने एका पावतीवर चुकून पुढच्या महिन्याची तारीख टाकली आणि "गेल्या चोवीस तासांतली आवक" या यादीत ती पावती महिनाभर ठाण मांडून बसली. रोजच्या बेरजेत रोज तेवढे क्विंटल जास्त. आम्ही कॅल्क्युलेटर घेऊन बसलो, गोदाम दोनदा मोजलं. ही चूक अशा प्रकारची असते हे मला आधी कोणी दाखवलं असतं तर! जँगोच्या लेखकांनी ती जाणून धड्यात ठेवली आहे. नवीन माणूस चूक करणारच, तर पहिली चूक त्याने आमच्या अंगणात करावी, असा तो विचार आहे.

चौथ्या भागातली एक कॉमेंट, म्हणजे कोडमध्ये वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेली टीप, तर मी वहीत उतरवून ठेवली आहे. मत नोंदवणाऱ्या फंक्शनमध्ये, शेवटच्या ओळीच्या वर ती बसलेली आहे. मराठीत तिचा अर्थ असा: पोस्टने (फॉर्म भरून) आलेली माहिती व्यवस्थित हाताळून झाली की नेहमी रीडायरेक्टच परत करा (म्हणजे ब्राउझरला दुसऱ्या पानावर पाठवा), वापरणाऱ्याने बॅकचं बटण दाबलं तरी तीच माहिती दोनदा जाऊ नये म्हणून. खालची ओळ रीडायरेक्ट करते हे तर कोड वाचून कोणालाही दिसतं. ते का करायचं, आणि न केल्यास काय होईल, हे कोडमध्ये कुठेच दिसत नाही. कॉमेंट फक्त तेवढंच सांगते.

आमच्या कोडमध्ये रीडायरेक्ट नव्हतं. पावती सेव्ह झाली की त्याच विनंतीच्या उत्तरात पान दाखवलं जायचं. हंगामात दुपारी नेट रेंगाळलं की ऑपरेटर पान रिफ्रेश करायचा आणि एकाच ट्रॅक्टरच्या दोन पावत्या पडायच्या. एकदा चुकारा करताना एकाच शेतकऱ्याच्या नावावर दुप्पट रक्कम निघाली, आणि तो भला माणूस स्वतः येऊन सांगून गेला म्हणून कळलं. दोन ओळींची कॉमेंट आणि एक ओळ कोड, एवढ्याने तो प्रकार थांबला. त्या दिवसापासून मी कॉमेंटकडे सजावट म्हणून पाहणं सोडलं.

त्याच धड्यात आणखी एक गोष्ट आवडली. जुन्या आवृत्त्यांमध्ये त्या फंक्शनखाली एक टीप होती: हा कोड पूर्ण बरोबर नाही. दोन माणसांनी नेमक्या एकाच क्षणी मत दिलं, दोघांनाही आधीचा आकडा ४२ मिळाला, तर दोघंही ४३ लिहून ठेवतील, पाहिजे होते ४४. नंतरच्या आवृत्त्यांत त्यांनी उदाहरणच सुधारलं, मोजणी डेटाबेसकडेच सोपवली. स्वतःच्या धड्यातली खोट झाकून न ठेवता तिथल्या तिथं सांगायची, ही सवय मी फार कमी ठिकाणी पाहिली. आमच्याकडे दोन काटे आहेत, दोन ऑपरेटर आहेत, म्हणून ही ४२-४३ ची गोष्ट मी त्या दोघांनाही पोत्यांचा हिशेब करून समजावली.

आता ज्या भागासाठी मी हे मुख्यतः लिहायला बसले, तो. जँगो वापरायला शिकणं वेगळं आणि खुद्द जँगोच्या कोडमध्ये हात घालायला शिकणं वेगळं. दुसऱ्यासाठी त्यांनी एक स्वतंत्र धडा ठेवला आहे: जँगोसाठी तुमचं पहिलं योगदान. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एक मुलगी कामाला आली. बीएस्सी झालेली, शेजारच्याच गावची, रोज एसटीने येते. पायथन थोडं येत होतं, गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणारं साधन, हा शब्द ऐकलेला नव्हता. तिला आमच्या कोडपुढे थेट बसवण्याची माझी हिंमत झाली नाही, म्हणून मी तिला आधी हा धडा करायला दिला.

धड्यात एक काल्पनिक तिकीट, म्हणजे बदलाच्या मागणीची नोंद, आहे, क्रमांक ९९९९९. मागणी अशी की जँगोमध्ये "मेक टोस्ट" नावाचं फंक्शन हवं, जे "टोस्ट" हा शब्द परत करेल. बस. ती वाचून माझ्याकडे वळली. "ताई, टोस्ट म्हंजे चहासोबतचा टोस्ट?" म्हटलं, हाव, तोच. आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. फंक्शन एका ओळीचं असल्यामुळे सगळं लक्ष बाकीच्या वाटेवर राहतं: कोड उतरवून घेणं, आपल्या बदलांसाठी कोडची वेगळी शाखा काढणं, टेस्ट लिहिणं, मग कोड, मग डॉक्युमेंटेशन, मग बदलाची नोंद. खऱ्या प्रकल्पात अडखळायला होतं ते याच वाटेवर.

आता पहिली अडचण. जँगोचा संपूर्ण कोड इतिहासासकट उतरवायचा तर साधारण २५० एमबी. गावातलं नेट दोनदा मध्येच तुटलं. तिसऱ्या प्रयत्नाआधी तिने धडा नीट वाचला आणि तिथं एक चौकट सापडली, नेट कमी असलेल्यांसाठी: गिटला "डेप्थ १" सांगा, जुना इतिहास वगळला जाईल आणि साधारण ७० एमबीत काम होईल. मला खरंच भरून आलं. हे लिहिणारा माणूस कुठल्या देशात बसला होता कोण जाणे, पण आमच्यासारख्या गावात बसून कोणीतरी हे करू पाहील हे त्याच्या ध्यानात होतं.

मग टेस्ट चालवायच्या. धड्यात आधीच सांगितलं आहे की हजारो टेस्ट आहेत, काही मिनिटं तरी लागतील, निवांत बसा. स्क्रीनवर ठिपके उमटू लागतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एक पास झालेली टेस्ट. मध्येच एस दिसला तर ती टेस्ट वगळली, एक्स म्हणजे नापास होणं अपेक्षितच होतं, एफ म्हणजे नापास, ई म्हणजे चालतानाच बिघाड. ही अक्षरं कशाची ते धड्यात तिथंच लिहिलेलं आहे. ती पोरगी गालाला हात लावून ठिपके पाहत बसली होती, जणू पहिला पाऊस पाहत असावी. आणि एक खुलासाही आहे: तुम्ही काहीच बदल केलेला नसताना टेस्ट नापास झाल्या, तर मूळ प्रकल्पातच त्या सध्या नापास होत आहेत का ते पाहून घ्या. नव्या माणसाचा सगळ्यात मोठा घोर हाच असतो की माझ्या हाताने काहीतरी मोडलं. तो घोर कमी करायचं काम हे एक वाक्य करतं.

मग टोस्टची टेस्ट लिहायची, फंक्शन लिहिण्याआधी. ती चालवली की इम्पोर्ट एरर (मागितलेलं फंक्शन सापडलं नाही असा निरोप) येणार, आणि तो नेमका कसा दिसेल ते धड्यात छापलेलं आहे. पुढचं वाक्य महत्त्वाचं: सगळ्या टेस्ट पास झाल्या असतील, तर तुम्ही फाइल योग्य जागी ठेवली आहे का ते तपासा. पास झालं म्हणून खूश होऊ नका. तिचं नेमकं तसंच झालं! फाइल दुसऱ्याच फोल्डरात पडली होती, सगळं हिरवं, आणि ती आनंदाने पुढे निघाली होती. त्या वाक्याने तिला थांबवलं. मी तिथं नव्हते, मी काट्यावर होते.

शेवटी फंक्शनसोबत त्याचं डॉक्युमेंटेशनही त्याच बदलात लिहायचं असतं, मगच काम पूर्ण धरलं जातं. जँगोमध्ये नवी सोय डॉक्युमेंटेशन आणि टेस्टशिवाय घेत नाहीत. आणि ते सगळं डॉक्युमेंटेशन कोडसोबतच, डॉक्स नावाच्या फोल्डरात, साध्या टीएक्सटी फायलींत असतं. म्हणजे कोड उतरवला की पुस्तक घरी आलं. रात्री लाइट गेल्यावर लॅपटॉपच्या बॅटरीवर मी ते नोटपॅडमध्ये उघडून वाचलं आहे. ज्यांना नीट छापल्यासारखं हवं त्यांच्यासाठी पीडीएफ आणि ई-पबही मिळतं. हजाराहून जास्त पानांचा तो ग्रंथ माझ्या फोनमध्ये कायम असतो.

कोडमधल्या कॉमेंटबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण तिथं माझं मत थोडं मिसळलेलं आहे. जिथं काही अवघड निर्णय आहे तिथं कारण लिहिलेलं सापडतं. टेस्टमध्ये तर अनेक ठिकाणी कंसात तिकीट क्रमांक असतो. बदलाच्या नोंदीचं वाक्यही ठरलेल्या साच्यात: अमुक क्रमांक दुरुस्त केला, आणि काय केलं ते. आपल्या सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतो ना, तसं हे मला वाटतं. सातबाऱ्यावर फक्त नाव दिसतं. हे नाव इथं का आलं, वारसाने की खरेदीने, ते पाहायचं तर तो क्रमांक धरून गाव नमुना सहाची फेरफार नोंदवही उघडावी लागते. जँगोमध्ये कुठल्याही ओळीवर बोट ठेवा, गिटला विचारा ही ओळ कोणत्या बदलात आली, तिकीट क्रमांक मिळतो, आणि तिकिटावर सगळी चर्चा. आमच्या ०.५८ ला फेरफारच नव्हता. दहा वर्षांनी वारस येऊन विचारतील तर दाखवायचं काय? एक सावधगिरी मात्र: "डेप्थ १" ने उतरवलं असेल तर हा इतिहास हाताशी नसतो. आम्ही पुढे यवतमाळला गेलो तेव्हा चांगल्या नेटवर तो पूर्ण उतरवून आणला.

मिसळलेलं मत म्हणते ते क्लास-आधारित व्ह्यूंमुळे. व्ह्यू म्हणजे आलेल्या विनंतीला उत्तर देणारा कोड, आणि क्लास म्हणजे कोडचा साचा, ज्यातून दुसरे साचे काढता येतात. तिथं एक क्लास दुसऱ्यातून येतो, दुसरा तिसऱ्यातून, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एका ओळीचं वर्णन. एकेक ओळ वाचून त्या क्लासपुरतं कळतं, पण विनंती आली की ती कोणत्या क्रमाने कुठून कुठे जाते ते चित्र मनात उभं राहत नाही. मी चार फायली शेजारी शेजारी उघडून, कागदावर बाण काढून ते समजून घेतलं. नव्या माणसासाठी तो कागद तिथंच असायला हवा होता.

दुसरी तक्रार मोठी आहे. ट्यूटोरियल संपतं तेव्हा आपलं ॲप आपल्याच लॅपटॉपवर चालत असतं. ते खऱ्या सर्व्हरवर कसं न्यायचं हे धड्यांच्या ओघात येत नाही. त्यासाठी हाऊ-टू विभागात पानं आहेत आणि ती बरोबरही आहेत, पण धड्यांमध्ये धरलेला हात तिथं एकदम सुटतो. माझे तीन आठवडे त्या एका टप्प्यावर गेले. तिकिटं एका ठिकाणी, ट्रॅक नावाच्या प्रणालीवर, आणि कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर, हेही नवख्याला समजायला वेळ लागतो.

आणि भाषा. डॉक्युमेंटेशनचे फ्रेंच, जपानी, इंडोनेशियन असे काही अनुवाद आहेत, मराठी नाही. खुद्द जँगोला मराठी येते. सेटिंगमध्ये भाषेचा कोड "एमआर" ठेवला की ॲडमिनचे, म्हणजे नोंदी भरायचे-बदलायचे, पडदे मराठीत बोलू लागतात. आमच्या काट्यावरच्या पोराला तेवढ्यानेच अर्धा धीर आला. पण धडे वाचायला इंग्रजीच लागतं. ते इंग्रजी सोपं आहे, वाक्यं लहान आहेत, तरी दारव्ह्याच्या मराठी शाळेत शिकलेल्या पोरीला पहिला धडा वाचायला दोन दिवस लागले हे मी पाहिलं. तिची अक्कल कमी नव्हती.

याच कारणाने मी आमच्या कोडमध्ये कॉमेंट मराठीत लिहायला सुरुवात केली. पायथन ३ ची फाइल मुळातच युटीएफ-८ (सगळ्या लिप्या चालणारी साठवण्याची पद्धत) धरली जाते, त्यामुळे देवनागरीला काही अडत नाही. पायथनच्या लेखनशैलीचा जो नियमपट आहे, पेप ८, त्यात इंग्रजी न बोलणाऱ्या देशांतल्या लोकांना विनंती आहे की कॉमेंट इंग्रजीत लिहा, तुमची भाषा न येणारा माणूस हा कोड कधीच वाचणार नाही याची १२० टक्के खात्री असेल तरच सोडा. मी यावर बरेच दिवस विचार केला. जँगोला काही पाठवायचं असेल तर इंग्रजीतच पाठवीन. पण बारदाना, मातेरं, चुकारा, तोलाई यांचा हिशेब करणारा कोड दारव्हा-दिग्रसच्या बाहेरचं कोण वाचणार? मला १२० टक्के खात्री आहे. त्याच पेप ८ मध्ये आणखी एक वाक्य आहे, कोडशी न जुळणारी कॉमेंट ही कॉमेंट नसण्यापेक्षा वाईट. ते मी कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलं आहे.

टोस्टच्या धड्यावरून मी आमच्या प्रकल्पासाठी एक फाइल केली, "नवीन माणसासाठी" नावाची. अकरा पायऱ्या. कोड कुठून घ्यायचा, नमुन्याचा डेटाबेस कुठे आहे, टेस्ट कशा चालवायच्या, आणि शेवटी एक खोटं तिकीट: पावतीवर "राम राम" छापणारं फंक्शन लिहा, टेस्टसकट. ती पोरगी पहिली वापरणारी. चौथ्या पायरीवर ती अडली, कारण मी लिहिलेल्या फोल्डरात डेटाबेसची प्रत नव्हतीच. मी ती उन्हाळ्यात हलवली होती आणि फाइल बदलायची राहिली होती. मला वाटलं ती येऊन विचारेल. तिने शोधून काढलं, चौथी पायरी दुरुस्त केली, खाली तारीख टाकली आणि मग मला दाखवलं. आमच्या प्रकल्पातला तिचा पहिला बदल तोच.

०.५८ आता कोडमध्ये एकाच जागी आहे. बारदान्याचा प्रकार पावतीवर निवडावा लागतो, ताग किंवा प्लॅस्टिक, आणि दोन्ही आकड्यांवर कॉमेंट आहे. मागच्या हंगामाच्या सगळ्या पावत्या पुन्हा काढून फरकाची रक्कम ज्याची त्याला दिली. संचालकांची त्यासाठी संमती मिळवायला दोन बैठका लागल्या. प्लॅस्टिकच्या आकड्यावर मी लिहिलं होतं: "०.१२ किलो. एका काकांचं रिकामं पोतं किराणा काट्यावर मोजून."

तुरीच्या हंगामाआधी त्या पोरीने ती कॉमेंट वाचली आणि माझ्याकडे आली. "ताई, हे एकाच पोत्याचं वजन हाय ना? सगळे पोते सारखे कसे असतीन?" दुपारी काटा रिकामा होता. तिने गोदामातून दहा वेगवेगळी प्लॅस्टिकची पोती गोळा केली, झटकली, एकेक करून किराणा काट्यावर ठेवली आणि वहीत मांडली. ९५ ग्रॅमपासून १४० पर्यंत. सरासरी ११८. आकडा तिने ०.१२ च ठेवला, कॉमेंट मात्र बदलली: "दहा पोत्यांची सरासरी ११८ ग्रॅम. सगळ्यात हलकं ९५, सगळ्यात जड १४०. खताच्या पोत्यांत माल आला तर पुन्हा मोजा, ती मोजलेली नाहीत."